गिलानुपट्ठान : विनयपिटकातील रुग्णशुश्रूषा आणि स्वच्छतेचा विचार

रुग्णशुश्रूषेचा इतिहास सांगताना आपल्याकडे सामान्यतः दोन ठिकाणांहून सुरुवात केली जाते. काही अभ्यासक चरक-सुश्रुतांच्या संहितांपासून आरंभ करतात, तर काही १८५४ साली क्रिमियाच्या युद्धकाळात स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यापासून. पाली विनयपिटकाकडे मात्र या दृष्टीने फारसे कोणी वळत नाही. विनयपिटक हा वैद्यकाचा ग्रंथ नव्हे. तो भिक्खुसंघाच्या सामूहिक जीवनाचे नियम सांगणारा ग्रंथ आहे. परंतु याच कारणामुळे शुश्रूषेच्या इतिहासात त्याचे मोल मोठे आहे. वैद्याने कोणते औषध द्यावे, हे संहिता सांगतात. रुग्णाच्या शेजारी राहणाऱ्या साध्या माणसाने काय करावे, त्याचे अंग कोणी धुवावे, त्याचे मलमूत्र कोणी उचलावे, हे विनय सांगतो. ज्या देशात मलमूत्र उचलण्याचे काम शतकानुशतके जन्मावर सोपविले गेले, त्या देशात ‘कोणी उचलावे’ हा प्रश्न केवळ आरोग्याचा राहत नाही. विनयाने या प्रश्नाचे उत्तर कसे दिले, हे मूळ ग्रंथाच्या आधारे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कुच्छिविकाराने पीडित भिक्खू

महावग्गाच्या आठव्या म्हणजे चीवरक्खन्धकात ही सुप्रसिद्ध घटना आली आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने आजारी होता आणि स्वतःच्याच मलमूत्रात पडून राहिला होता. भगवान बुद्ध आयुष्यमान आनंदासह भिक्खूंच्या निवासस्थानांची पाहणी करीत तेथे आले. त्यांनी त्याला प्रथम आजार विचारला आणि नंतर विचारले की, तुझी शुश्रूषा करणारा कोणी आहे काय? कोणी नाही, असे त्याने सांगितले. कारण विचारता तो म्हणाला की, आपण इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून तेही आपल्याकडे पाहत नाहीत.

यानंतर जे घडले त्याचा तपशील लक्षपूर्वक वाचण्यासारखा आहे. भगवंतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. भगवंतांनी पाणी ओतले आणि आनंदाने अंग धुतले. मग भगवंतांनी डोक्याकडून व आनंदाने पायांकडून धरून त्याला उचलले आणि मंचावर निजविले. शुश्रूषेचे प्राथमिक शिक्षण देणाऱ्या आजच्या कोणत्याही परिचारिकेला ही कृती ओळखीची वाटेल. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला एकट्याने ओढू नये, दोघांनी दोन बाजूंनी आधार देऊन उचलावे, आणि अंग स्वच्छ झाल्यावरच त्याला कोरड्या जागी ठेवावे, हा आजचाही पहिला पाठ आहे.

संघाला एकत्र करून भगवंतांनी जे सांगितले त्याचा आशय असा की, येथे तुमची काळजी घेण्यास तुमचे आई-बाप नाहीत. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर ती कोण करील? ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने रुग्णाची सेवा करावी. पुढे जबाबदारीचा क्रम येतो. उपाध्याय असेल तर त्याने, आचार्य असेल तर त्याने, त्याचप्रमाणे शिष्याने, अंतेवासिकाने, एकाच गुरूच्या सोबत्याने रुग्ण बरा होईपर्यंत पाहावे. यांपैकी कोणीच नसेल तर ते काम संघाचे. संघाने ते न केल्यास दुक्कटाचा दोष लागतो. येथे ज्येष्ठाने कनिष्ठाची शुश्रूषा करावयाची आहे आणि कनिष्ठाने ज्येष्ठाचीही. उपयोगी पडत नाही म्हणून कोणी वाऱ्यावर सोडला जाऊ नये, याची व्यवस्था नियमाने केली आहे; ती कोणाच्या दयेवर ठेवलेली नाही.

शुश्रूषा करणाराचे पाच गुण

याच प्रकरणात आणि अंगुत्तर निकायाच्या पंचक निपातात शुश्रूषा करण्यास योग्य अशा गिलानुपट्ठाकाची पाच अंगे दिली आहेत. त्याला औषधाची सिद्धता करता यावी. रुग्णाला हितकर काय व अहितकर काय हे कळावे आणि हितकर ते जवळ आणून अहितकर ते दूर करता यावे. लाभाच्या आशेने नव्हे तर मैत्रीच्या भावनेने त्याने सेवा करावी. मल, मूत्र, थुंकी व वांती काढताना त्याला किळस वाटू नये. आणि वेळोवेळी धम्मकथेने रुग्णाच्या मनाला उभारी देता यावी.

रुग्णाचीही पाच अंगे सांगितली आहेत. शुश्रूषेस सोपा असा रुग्ण हितकर तेच करतो, त्यातही प्रमाण ओळखतो, औषध घेतो, वेदना सहन करतो, आणि आजार वाढतो आहे, उतरतो आहे की तसाच आहे, हे आपले हित पाहणाऱ्या शुश्रूषकाला जसे आहे तसे सांगतो. हे शेवटचे अंग विशेष महत्त्वाचे होय. आजच्या रुग्णालयात दर पाळीला परिचारिका जी नोंद ठेवते, तिचा आधार हाच असतो.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात परिचारकाचे चार गुण आले आहेत : उपचाराचे ज्ञान, दक्षता, धन्याविषयी अनुराग आणि शुचिता. सुश्रुतानेही परिचारक स्नेहाळ, न किळसणारा, बलवान, न थकणारा आणि वैद्याच्या आज्ञेत राहणारा असावा, असे म्हटले आहे. तेव्हा किळस न करण्याचा गुण एकट्या विनयाने सांगितला, असा दावा करणे सत्याला धरून होणार नाही. फरक गुणांच्या यादीत नाही. तो परिचारकाच्या स्थानात आहे. संहितांतील परिचारक हा धन्याचा सेवक आहे. विनयातील गिलानुपट्ठाक हा रुग्णाचा सहाध्यायी, शिष्य किंवा गुरू आहे. एका ठिकाणी घाण काढणारा मनुष्य ठरलेला आहे. दुसऱ्या ठिकाणी ज्याची पाळी येईल तो प्रत्येक जण आहे.

या कामाला विनयाने प्रतिष्ठाही दिली. भिक्खू मरण पावल्यावर त्याचे पात्र व चीवर शुश्रूषा करणारांना द्यावे, आणि शुश्रूषा करणारा श्रामणेर असला तरी त्याला समान वाटा द्यावा, असा नियम आहे. विशाखा उपासिकेने भगवंतांकडे जे आठ वर मागितले, त्यांत रुग्णाला भोजन व औषध देण्याबरोबरच शुश्रूषकाला भोजन देण्याचा वर होता. तिने दिलेले कारण व्यवहारी आहे. शुश्रूषक स्वतःच्या भिक्षेसाठी हिंडत राहिला तर रुग्णाचे जेवण उशिरा पोहोचेल व त्याची वेळ चुकेल. शुश्रूषा करणाराची काळजी घेतल्याशिवाय रुग्णाची काळजी घेता येत नाही, हे एका गृहिणीने ओळखले होते.

‘आचमन’ आणि ‘वसल’

आता स्वच्छतेच्या नियमांकडे वळू. चुल्लवग्गाच्या वत्तक्खन्धकात शौचकूपाविषयी सविस्तर नियम आहेत. त्यांतील एका नियमाची निमित्तकथा आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. ब्राह्मण कुळात जन्मलेला एक भिक्खू शौचानंतर पाण्याने धूत नसे. या दुर्गंधीयुक्त नीच वस्तूला हात कोण लावील, असा त्याचा विचार होता. परिणामी त्याच्या गुदद्वाराशी किडे झाले. तेव्हा भगवंतांनी नियम केला की, पाणी उपलब्ध असताना शौचानंतर धुतलेच पाहिजे. न धुणाराला दुक्कटाचा दोष लागेल.

या कथेत ‘नीच’ या अर्थाने ‘वसल’ हा शब्द आला आहे. सुत्तनिपातातील वसलसुत्त ज्यांना परिचित आहे त्यांना या शब्दाचे वजन ठाऊक आहे. हीन जातीच्या माणसाला हिणविण्यासाठी तो वापरला जाई. त्या भिक्खूने माणसासाठीचा शिवीवाचक शब्द विष्ठेसाठी वापरला, यातच त्याच्या मनातील समीकरण उघड होते. जो माणसाला स्पर्श करीत नाही, तो शेवटी स्वतःच्या देहालाही स्पर्श करू शकत नाही. आणि अस्पृश्यता पाळणारा तोच सर्वांत अस्वच्छ राहतो. धुण्यासाठी विनयात जो धातू येतो तो ‘आचमेति’, आणि त्यासाठीच्या पाण्याचे भांडे म्हणजे ‘आचमनकुंभी’. कर्मकांडात आचमन म्हणजे मंत्र म्हणून तळहातावरील पाणी प्राशन करणे. विनयात त्याच शब्दाचा अर्थ शौचानंतर पाण्याने धुणे असा आहे. पहिल्या आचमनाने सोवळे सिद्ध होते, दुसऱ्याने शरीर स्वच्छ होते. सोवळे आणि स्वच्छता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एवढ्या एका शब्दावरून स्पष्ट व्हावे.

शौचकूपाचे उरलेले नियमही याच दिशेने जातात. खड्ड्याच्या बाहेर घाण करू नये, मूत्राच्या पन्हळीत थुंकू नये, धुण्याच्या भांड्यात पाणी शिल्लक ठेवू नये. शौचकूप खराब दिसल्यास, तो कोणी खराब केला हे न पाहता, धुवून काढावा. पुसण्याच्या काड्यांची टोपली भरली असल्यास रिकामी करावी. आचमनकुंभीत पाणी नसल्यास भरून ठेवावे. आत जाण्याचा क्रम पूर्वी ज्येष्ठतेनुसार होता. त्यामुळे तरुण भिक्खू ताटकळून मूर्च्छित पडू लागले, तेव्हा जो आधी येईल तो आधी जाईल, असा नियम भगवंतांनी केला. शौचकूपाच्या दारात वय आणि मान दोन्ही बाजूला ठेवले गेले.

निवास, अंथरूण आणि पाणी

निवासस्थान झाडण्याची रीत वाचताना आजच्या रुग्णकक्षाच्या सफाईची आठवण होते. प्रथम पात्र, चीवर, अंथरूण, मंचक बाहेर काढावे. जळमटे दिसल्यास आधी वरची, म्हणजे छताची काढावीत. मग खिडक्या व कोपरे पुसावेत. रंगविलेली भिंत डागाळली असल्यास ओले फडके पिळून पुसावी. साधी जमीन असल्यास पाणी शिंपडून झाडावी, म्हणजे धूळ उडणार नाही. बाहेर काढलेल्या वस्तू, थुंकदाणीसह, उन्हात वाळवून व स्वच्छ करूनच परत आणाव्यात. अंथरूण झटकताना ते भिक्खूंजवळ, निवासाजवळ किंवा पिण्याच्या पाण्याजवळ झटकू नये. वाऱ्याच्या खालच्या बाजूस झटकावे. थंडीत खिडक्या दिवसा उघडून रात्री लावाव्यात आणि उन्हाळ्यात याच्या उलट करावे. वरून खाली सफाई, ओल्या फडक्याचा वापर, उन्हाचा उपयोग, खेळती हवा आणि रुग्णाची चादर त्याच्याजवळ न झटकणे ही पाचही सूत्रे आज परिचारिका-प्रशिक्षणात शिकविली जातात.

पाण्याच्या बाबतीत पिण्याचे पाणी ‘पानीय’ आणि वापरण्याचे पाणी ‘परिभोजनीय’ असा भेद विनयात सर्वत्र आढळतो. पाणी गाळण्यासाठी ‘परिस्सावन’ जवळ बाळगावे लागे. अन्नाने माखलेल्या हाताने पाण्याचे भांडे घेऊ नये, आणि आजारी नसताना पाण्यात मलमूत्र विसर्जन करू नये वा थुंकू नये, हे सेखिय नियम आहेत. कान्हेरी, जुन्नर येथील लेण्यांत निवासांजवळच खोदलेली पाण्याची टाकी आजही दिसतात आणि तेथील दानलेखांत त्यांचा उल्लेख ‘पोढि’ या शब्दाने येतो. विनयाचे नियम महाराष्ट्राच्या दगडात कसे उतरले, याची ती साक्ष होय.

अंग पुसणे व जखमेची निगा

धम्मपद-अट्ठकथेतील पूतिगत्त तिस्स थेराची कथा ही उत्तरकालीन आहे; पण शुश्रूषेच्या तपशिलासाठी ती मोलाची आहे. तिस्साच्या सर्वांगाला फोड येऊन ते फुटले होते, वस्त्रे पू-रक्ताने माखली होती आणि सोबत्यांनी त्याला टाकून दिले होते. भगवंतांनी स्वतः अग्निशाळेत जाऊन पाणी तापविले. त्याचे वरचे वस्त्र प्रथम गरम पाण्यात धुववून उन्हात टाकले. मग कोमट पाण्याने अंग भिजवून, चोळून स्नान घातले. वरचे वस्त्र वाळल्यावर ते त्याला नेसवून खालचे वस्त्र धुतले. रुग्णाला एकाच वेळी पूर्ण उघडा न करता, एक वस्त्र वाळल्यावर दुसरे काढावयाचे, यात स्वच्छतेइतकाच त्याच्या लज्जेचा विचार आहे.

आनंदाचे उपाध्याय बेलट्ठसीस यांच्या अंगावरील खरजेच्या लशीने चीवर त्वचेला चिकटत असे. भिक्खू ते पाण्याने भिजवून भिजवून सोडवीत. यावरून फोड, खरूज झाकण्यासाठी ‘कण्डुपटिच्छादि’ या वस्त्राची अनुज्ञा मिळाली. भेसज्जक्खन्धकात जखम धुण्याचे तुरट पाणी, तिळाचा लेप, पट्टी, धुरी आणि जखमेचे तेल यांची अनुज्ञा क्रमाने आली आहे.

मर्यादा

या सर्वांवरून प्राचीन भिक्खूंना रोगजंतूंचे ज्ञान होते, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. पाणी गाळण्याचा हेतू जीवहिंसा टाळणे हा होता, रोग टाळणे हा नव्हता. तरीही कृतीचे फळ हेतूवर अवलंबून नसते. बांगलादेशातील मतलब भागात जुन्या साडीच्या अनेक पदरी घडीतून पाणी गाळण्याचा प्रयोग झाला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यामुळे पटकीचे प्रमाण शेकडा ४८ ने घटले. मात्र कापडातून गाळलेले पाणी जंतुरहित होत नाही. ते उकळावेच लागते. घाण हाताबरोबर प्रवास करते, हे पाश्चात्त्य वैद्यकालाही उशिरा कळले. १८४७ साली व्हिएन्ना येथे सेमेलवाइस या डॉक्टरांनी शवविच्छेदन करून येणाऱ्या विद्यार्थ्यांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्यास लावले. काही महिन्यांतच बाळंतिणींच्या मृत्यूचे प्रमाण शेकडा १८ च्या आसपासवरून २ च्या आसपास आले. तरी आपल्याच हातांनी रोग पसरतो, हे मान्य करणे अनेक प्रतिष्ठित डॉक्टरांना अवघड गेले. प्रतिष्ठेला स्वतःचे हात मलिन दिसत नाहीत, हे केवळ भारतापुरते खरे नाही.

दुसरी मर्यादा अधिक अवघड आहे. मगधात कुष्ठादी पाच रोगांची साथ असताना, जीवकाचे उपचार मिळावेत म्हणून लोक संघात येऊ लागले आणि बरे होताच चीवर सोडू लागले. तेव्हा या रोगांनी पीडित माणसाला प्रव्रज्या देऊ नये, असा नियम झाला. आजच्या वाचकाला हा नियम खुपणे स्वाभाविक आहे. त्याचे कारण संघाची व जीवकाची मर्यादित शक्ती हे होते. रोगी अपवित्र आहे, असे कारण ग्रंथात दिलेले नाही. तथापि नियम तो नियमच. तो झाकून ठेवण्याचे प्रयोजन नाही. त्याच्या शेजारी अंगुत्तर निकायाच्या तिक निपातातील गिलानसुत्त ठेवून पाहावे. काही रुग्ण उपचार मिळो न मिळो बरे होत नाहीत, काही तसेच बरे होतात, आणि काही उपचार मिळाला तरच बरे होतात. या तिसऱ्यासाठी अन्न, औषध व शुश्रूषक यांची अनुज्ञा आहे. आणि त्याच्यामुळे उरलेल्या दोघांचीही शुश्रूषा केली पाहिजे. कोण वाचण्याजोगा आहे, याचा निवाडा शुश्रूषकाने करावयाचा नाही.

विहारापासून रुग्णालयापर्यंत

ही परंपरा ग्रंथापुरती राहिली नाही. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात मनुष्य व पशू या दोहोंच्या चिकित्सेची व्यवस्था आणि औषधी वनस्पतींची लागवड यांचा उल्लेख आहे. पाटण्याजवळील कुम्रहार येथे १९५१ ते १९५५ या काळात डॉ. अनंत सदाशिव आळतेकर यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या उत्खननात आरोग्यविहारातील भिक्खुसंघाची गुप्तकालीन मुद्रा सापडली. श्रीलंकेतील मिहिन्तले येथे नवव्या शतकाच्या सुमाराच्या रुग्णालयाचे अवशेष असून, रुग्णाला औषधी द्रवात ठेवण्यासाठी मानवी आकृतीत कोरलेले दगडी पात्र तेथे आजही पाहावयास मिळते.

महाराष्ट्रात मात्र मधल्या काळात स्वच्छतेची जागा सोवळ्याने घेतली. थेरगाथेतील सुनीत थेर हा वाळलेली फुले झाडून टाकणारा होता. त्याला भगवंतांनी संघात बरोबरीने घेतले, तर उत्तरकालीन समाजाने झाडणाराला गावाबाहेर ठेवले. ही रीत मोडणाऱ्यांत सावित्रीबाई फुले यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. १८९७ च्या प्लेगमध्ये, घरचे लोकही रुग्णाजवळ जाण्यास कचरत असताना, त्यांनी पुत्र यशवंतराव यांच्या दवाखान्यात रुग्णांची शुश्रूषा केली आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात कुच्छिविकाराने पीडित भिक्खूचा प्रसंग आवर्जून घेतला आहे. धम्माची कसोटी माणसाच्या माणसाशी असलेल्या वागणुकीत आहे, ही त्यांची भूमिका पाहता या निवडीचे आश्चर्य वाटत नाही.

हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली व पुन्हा २०१३ साली कायदा झाला. परंतु कायद्याने काम बंद करता येते, मनातील वाटणी बंद करता येत नाही. घरात वृद्ध आई अंथरुणाला खिळली की तिची शुश्रूषा सून, मुलगी किंवा पगारी बाई यांच्यावरच टाकली जाते. पुत्राने ते काम करणे आपल्या घरांतही कमीपणाचे मानले जाते. विनयाच्या क्रमात अशी सूट कोणालाच नाही.

म्हणून प्रत्येक विहारात वर्षावासाच्या काळात एखाद्या प्रशिक्षित परिचारिकेकडून उपासक-उपासिकांना या विषयाचे प्रत्यक्ष शिक्षण मिळावे, असे सुचवावेसे वाटते. शिकावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. रुग्णाला हात लावण्यापूर्वी, जखमेसारखे जंतुविरहित काम करण्यापूर्वी, मलमूत्र-रक्ताचा संपर्क आल्यावर, रुग्णाला स्पर्श केल्यावर आणि त्याच्या अंथरुणाला वा वस्तूंना स्पर्श केल्यावर, अशा पाच वेळी हात स्वच्छ करावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली सांगितले आहे. साबणाने हात धुण्यास ४० ते ६० सेकंद द्यावेत. अंग पुसताना कोमट पाणी घ्यावे. डोळे व चेहरा प्रथम, गुह्यांग शेवटी, आणि त्यासाठी पाणी व फडके बदलावे. स्त्रियांच्या बाबतीत पुढून मागे पुसावे. जेवढा भाग पुसावयाचा तेवढाच उघडा ठेवावा, त्वचेच्या घड्या कोरड्या कराव्यात. साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी आणि माकडहाड, टाचा येथे लाली दिसते काय, ते पाहावे. मळलेली चादर न झटकता आतल्या बाजूस गुंडाळून न्यावी.

हे शिकण्यास पदवी लागत नाही. लागते ती गिलानुपट्ठाकाच्या चौथ्या अंगाची तयारी, म्हणजे दुसऱ्याची घाण काढताना आपण हीन होतो ही समजूत टाकून देणे. ती समजूत ज्या घरातून गेली, त्या घरात रुग्णाला आपण कोणाच्या उपयोगी पडत नाही म्हणून एकटे पडलो, असे म्हणण्याची वेळ येणार नाही.